दुधातलं अंडं

‘शाकाहारी अंडं’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की आपल्या घरातल्या बायकांचा पारा चढतो. चढायलाच हवा. कोंबडा जवळ नव्हता, म्हणून अंड्यात जीव नाही, म्हणून ते भाजीसारखंच, असा अंडी विकणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. आपण त्याला अनेक वर्षं उत्तर देत आलो. आपल्या सासवांनी दिलं, महाराजसाहेबांनी प्रवचनांतून दिलं, पाठशाळेतल्या ताईंनी मुलांकडून पाठ करून घेतलं. नर नसला म्हणजे अंडं निर्जीव ठरत नाही, ते मादीच्या शरीरातून आलेलं आहे, आणि ते मिळवायला कोंबडीला पिंजऱ्यात डांबावं लागतं. उत्तर बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

पण ज्या अंड्यावर आपण इतकं बोलतो ते कोंबडीचं. दुसरं एक अंडं आहे, त्याबद्दल बुऱ्हाणपुरातल्या एकाही स्थानकात, एकाही मंदिराच्या सभागृहात मी अजून चर्चा ऐकलेली नाही. ते म्हशीचं अंडं. हसू नका. म्हशीच्या पोटात अंडाशय असतं आणि त्यात अंडी असतात, जशी आपल्या पोटात असतात तशीच. डॉक्टर त्याला स्त्रीबीज म्हणतात. वाळूच्या बारीक कणाएवढं, मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकं. या अंड्याला प्रयोगशाळेत विजेचा झटका देतात, आणि नराचा स्पर्शही झालेला नसताना ते वाढू लागतं. एकाचे दोन भाग, दोनाचे चार, चाराचे आठ.

हे कसं होतं ते आधी समजून घेऊ या. न समजता रागावणं हा आपला जुना रोग आहे.

निसर्गात शुक्रजंतू अंड्यात शिरला की त्याच्याबरोबर आलेल्या एका द्रव्यामुळे अंड्याच्या आत कॅल्शियमच्या लाटा उठतात. हाच कॅल्शियम, जो आपण गुडघे दुखले की गोळीतून घेतो. ही लाट म्हणजे अंड्याला मिळालेली हाक. तोवर ते थांबून असतं, हाक आली की कामाला लागतं. प्रयोगशाळेत शुक्रजंतूऐवजी वीज ही हाक देते. दोन तारांच्या मधे अंडं ठेवतात आणि एक झटका देतात. सेंटिमीटरला हजार-दोन हजार व्होल्ट या हिशेबाचा, पण सेकंदाचा लाखावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक वेळ टिकणारा. अंड्याच्या आवरणाला क्षणभर सूक्ष्म भोकं पडतात, बाहेरचा कॅल्शियम आत जातो, आणि अंड्याला वाटतं की वेळ आली. काही ठिकाणी विजेऐवजी किंवा विजेनंतर रसायनं वापरतात. हेतू तोच.

नुसत्या झटक्याने जागं झालेलं अंडं फार पुढे जात नाही. गाय, म्हैस, मेंढी, माणूस, कुठल्याही सस्तन प्राण्यात आईच्या आणि बापाच्या वारशावर वेगवेगळे शिक्के असतात, आणि एकाच बाजूचे शिक्के असले तर गर्भ मधेच मरतो. म्हणून अशी अंडी बहुधा तपासणीपुरती असतात. किती जागी झाली, किती वाढली, मोजायचं आणि टाकून द्यायचं. खरा उपयोग पुढे आहे. अंड्याचं मूळ केंद्रक काढून टाकायचं, त्याजागी एखाद्या भरपूर दुधाच्या जनावराच्या कातडीची पेशी ठेवायची, विजेने दोन्ही जोडायची, आणि त्या जोडीला वाढीला लावायचं. असं तयार होतं ते क्लोन, म्हणजे त्या जनावराची हुबेहूब प्रत.

स्कॉटलंडमधली डॉली मेंढी १९९६ साली अशीच जन्मली. तिच्या वेळी २७७ अंडी पेशींशी जोडली होती. त्यातले २९ गर्भ १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि एकच कोकरू जन्मलं. आपल्याकडे हे काम हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी अनुसंधान संस्थेत झालं. फेब्रुवारी २००९ मध्ये समरूपा नावाचं रेडकू जन्मलं आणि आठवड्याभरात फुप्फुसाच्या संसर्गाने गेलं. त्याच जूनमध्ये गरिमा जन्मली, ती दोन वर्षांनी गेली. २०१० मध्ये दुसरी गरिमा झाली, तिला पुढे जानेवारी २०१३ मध्ये महिमा झाली. हिसारच्या म्हैस संशोधन संस्थेत डिसेंबर २०१५ मध्ये हिसार-गौरव हा रेडा जन्मला. आणि १६ मार्च २०२३ रोजी कर्नालला गीर गाईची प्रत जन्मली, तिचं नाव ठेवलं गंगा.

नावं बघा. समरूपा, गरिमा, महिमा, गंगा. आपल्या मुलींची नावं. आणि आता त्या बायांकडे बघू ज्यांना नाव नाही.

कर्नालच्या शोधनिबंधांत साधनसामग्रीच्या परिच्छेदात एक ओळ सापडते. ती अशी साधी असते की नजरेतून निसटावी. अंडाशयं कत्तलखान्यातून आणली. मारलेल्या म्हशींच्या पोटातून काढून, कोमट मिठाच्या पाण्यात ठेवून, प्रयोगशाळेत पोचवली. तिथे सुईने त्यातली अंडी ओढून घेतली आणि उबदार पेटीत सुमारे २४ तास पिकवली. गाईच्या मानाने म्हशीच्या अंडाशयात अंडी फार कमी असतात, तेव्हा पुरेशा अंड्यांसाठी पुष्कळ अंडाशयं लागतात. शिवाय कर्नालच्या हाताने करायच्या पद्धतीत अंड्याचं बारीक पात्याने विभाजन करून केंद्रकाचा भाग टाकतात आणि उरलेले दोन भाग एका पेशीला जोडतात. म्हणजे एका गर्भामागे साधारण दोन अंडी. गरिमाच्या जन्माची बातमी छापून आली. तिच्यासाठी कत्तलखान्यात पडलेल्या म्हशींची बातमी कुठे येणार?

इथे कुणी म्हणेल, त्या म्हशी प्रयोगासाठी मारल्या नव्हत्या, मांसासाठी मारल्या होत्या, अंडाशय वाया जाणार होतं ते कामी आलं. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. ‘मी मारलं नाही, मारलेलं मिळालं ते घेतलं’ हे वाक्य आपण इतरांकडून ऐकलं तर काय म्हणतो? कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि संमती दिलेलं. पाठशाळेतली सात वर्षांची मुलगी हे तीन शब्द सांगते. तिसऱ्या शब्दापाशी आल्यावर आपणच का अडखळतो?

गंगेच्या वेळी मार्ग वेगळा होता. तिथे जिवंत गाईंच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने अंडी काढली. कत्तल नाही, हे खरं. पण ज्या बाईने कुणाच्या टेस्ट-ट्यूब बाळासाठी अंडी काढायची सुई सोसली आहे, तिला विचारा ती सुई म्हणजे काय. तिने ती स्वतः निवडली, सही केली, भूल घेतली, आणि शेवटी मूल तिच्या मांडीवर येणार होतं. मी त्या बाईंना दोष देत नाही, उलट त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार नाही म्हणून त्यांची साक्ष काढते आहे. गाईची सही कुठे आहे?

आणि ज्या गाईच्या, ज्या म्हशीच्या पोटात तो गर्भ ठेवतात ती? तिला कागदावर ‘रिसिपियंट’ म्हणतात. घेणारी. जणू तिला काही मिळालं! क्लोनच्या गर्भांत पोटातच जाणारे पुष्कळ असतात, वार नीट न वाढणं, वासरू प्रमाणाबाहेर मोठं होणं, अवघड विणं, हे सगळं जगभर नोंदलेलं आहे. युरोपच्या संसदेने सप्टेंबर २०१५ मध्ये शेतातल्या जनावरांच्या क्लोनिंगवर बंदी असावी असा मोठ्या बहुमताने कौल दिला, तो याच कारणांनी. ते मांसाहारी लोक, बरं का. अमेरिकेच्या अन्न खात्याने मात्र जानेवारी २००८ मध्ये क्लोन केलेल्या गाई, डुकरं आणि शेळ्यांचं दूध-मांस खायला सुरक्षित आहे असं सांगितलं. खाणाऱ्याला सुरक्षित. विणाऱ्या जनावराचं काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. आपल्यापुढचा तो पहिला प्रश्न असायला हवा.

आता आपल्या समाजातल्या दोन मंडळींशी मला भांडायचं आहे.

पहिली मंडळी ही बातमी ऐकून खूश होतील. म्हणतील, बघा, विज्ञानाने शेवटी मान्य केलं! तत्त्वार्थसूत्रात जन्माचे तीन प्रकार सांगितलेच आहेत, संमूर्च्छन, गर्भ आणि उपपात. नर-मादीच्या संयोगाशिवाय जन्म आपल्या आचार्यांना ठाऊक होता. मग त्यावर व्याख्यान होईल, हार-तुरे होतील, आणि कत्तलखान्यातून आलेल्या कोमट पाण्याच्या थर्मासबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही. अहो, शास्त्र आपल्याला शाबासकी मिळावी म्हणून लिहिलेलं नाही. संमूर्च्छिम जीवांची गणती केली ती त्यांना वाचवायला, पाणी गाळायला, उष्टं न टाकायला, बघून पाऊल टाकायला. जीव कुठे कुठे असतो हे ज्याला जास्त कळतं, त्याच्यावर बंधन जास्त. कळूनही आचार बदलत नसेल तर ते ज्ञान भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रासारखं आहे.

दुसरी मंडळी व्यवहारी. ते म्हणतील, एवढीशी पेशी, तिच्यात कसला जीव, तुम्ही बायका उगीच काथ्याकूट करता. त्यांना मी एवढंच विचारते, बटाटा का खात नाही? एका कंदात अनंत जीव मानून जो बटाटा, कांदा, गाजर सोडतो, त्याने म्हशीच्या अंड्याला ‘नुसती पेशी’ म्हणू नये. आणि कोंबडीच्या अंड्याबाबत तर हीच मंडळी नेमकं उलटं बोलत होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या संशोधन केंद्रात टर्कीच्या माद्यांनी नराशिवाय घातलेल्या अंड्यांतही गर्भ वाढताना दिसले, थोडी पिल्लं बाहेरही आली. म्हणून काही दुकानातल्या प्रत्येक अंड्यात पिल्लू असतं असं होत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण ‘नर नाही म्हणजे काहीच नाही’ हे वाक्य मात्र कायमचं मोडलं. ते कोंबडीसाठी मोडलं आणि म्हशीसाठी शाबूत राहिलं, असं कसं चालेल?

यावर शेवटचा बचाव येतो. कर्नाल कुठे, बुऱ्हाणपूर कुठे! आपलं दूध तर शाहपूरच्या, खकनारच्या शेतकऱ्याकडून येतं. कबूल. आज आपल्या पातेल्यात क्लोन केलेल्या म्हशीचं दूध आहे असं मी म्हणत नाही, म्हटलं तर ती थाप होईल. पण ही एक साखळी आहे आणि तिचं आपल्याकडचं टोक गावात पोचलेलं आहे. कृत्रिम रेतन तर घरोघर झालं. टेस्ट-ट्यूब रेडकू कर्नालला १९९० सालीच जन्मलं होतं. आता राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये प्रयोगशाळेत तयार केलेल्या गर्भाने जनावर गाभण राहिलं की त्यामागे ५,००० रुपयांचं अनुदान आहे. भोपाळला भदभद्याच्या केंद्रात फक्त कालवडी, फक्त वगारी व्हाव्यात म्हणून निवडलेलं वीर्य तयार होतं. उत्तम रेड्याची प्रत काढायची ती त्याचं वीर्य गावोगाव पोचावं म्हणूनच. आणि या साखळीला ओढतं कोण? मागणी. आपली मागणी. मावा, पेढा, पनीर, तूप. बुऱ्हाणपूरची मावा-जिलेबी दूरदूर नावाजलेली आहे, आपल्या पारण्याच्या ताटातही ती असते. आठ दिवस निराहार राहून अठाई करायची आणि पारण्याला किलोकिलोने मावा लावायचा, यात मला विसंगती दिसते.

या साखळीच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे, तो लपवणं बरं नाही. जास्त दूध देणारी जनावरं झाली तर कमी जनावरं पाळावी लागतील. वगारीच होणार असतील तर रेडकू उपाशी बांधून ठेवायची, बाजारात सोडायची पाळी येणार नाही. निवडलेल्या वीर्यामुळे नको असलेले नर जन्मालाच येत नाहीत, आणि त्यामुळे काही जीवांचे हाल टळतात, हे मी मान्य करते. पण आटलेल्या म्हशीचं काय? मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाची हत्या बंद आहे, पलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचीही बंद झाली. म्हशीला यातलं कुठलंच संरक्षण नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या, आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या देशांत भारत अगदी पुढे आहे. ते मांस कुठून येतं? दूध पिऊन झाल्यावर जी उरते तिच्यातून, आणि तिच्या मुलांतून. जास्त दूध देणारी म्हैसही एक दिवस आटतेच. तिचं अंडाशय मग कर्नालला जातं. चक्र पुरं झालं.

आणि आपली निमाडी गाय? तांबूस रंगावर पांढरे ठिपके असलेली, या मातीतल्या उन्हात टिकणारी, नांगराला जुंपायच्या बैलांसाठी नावाजलेली. ती दूध थोडं देते. तिची प्रत काढायला कुणी धावणार नाही. प्रती निघतात त्या भरपूर दुधाच्या थोड्या जनावरांच्या. सगळा गोठा एकाच आईच्या मुलीबाळींचा झाला आणि एखादा रोग आला तर काय होईल, हे केळी लावणाऱ्या बुऱ्हाणपुराला सांगायची गरज नाही. एकाच कंदाच्या प्रतींची बाग एका रोगात कशी बसते ते आपल्या घरच्या पुरुषांना विचारा.

आता सगळ्यात कडू बोलते. २०१५ मध्ये मध्य प्रदेशात अंगणवाडीतल्या मुलांना अंडी द्यायचा प्रस्ताव आला आणि सरकारने तो नाकारला. देशभर चर्चा झाली. आपल्या समाजाने त्या निर्णयाचं कौतुक केलं. नेपानगरच्या, खकनारच्या बाजूच्या कोरकू, भिलाला, बारेला मुलांच्या ताटात काय यावं यावर आपण मत दिलं. त्या मुलांच्या आया आपल्या सभेला नव्हत्या. आपल्या मुलांच्या ताटात तूप होतं, दूध होतं, पनीर होतं. त्यांच्या ताटातलं अंडं आपल्याला दिसलं, आपल्या दुधातलं अंडं दिसलं नाही. आपली अहिंसा दुसऱ्याच्या ताटावर डोळे ठेवून बसली असेल तर तिला अहिंसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला अंडी नकोत, मी ती कधी खाणार नाही. पण गरिबाच्या पोराच्या तोंडातला घास अडवायचा अधिकार मिळवायचा असेल तर आधी स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब द्यावा लागेल.

हा हिशेब द्यायचा कसा? दूध आजच्या आज सोडा असं मी म्हणत नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर सोडावं, काही घरांनी सोडलं आहे. बाकीच्यांसाठी चार गोष्टी.

चौक्यात दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायचं, हा नियम आपण घड्याळ लावून पाळतो. त्या घड्याळात आणखी प्रश्न घाला. या म्हशीचं रेडकू कुठे आहे? ती आटल्यावर कुठे जाणार? दूधवाल्याला विचारा. एका बाईने विचारलं तर तो हसेल, गल्लीतल्या वीस जणींनी विचारलं तर उत्तर आणून देईल.

जीवदयेच्या फंडातून बहुतेक पैसा गाईला जातो. गोशाळेला देतो तसा आटलेल्या म्हशींना, रेड्यांना, रेडकांना आसरा द्यायला द्या. काळी आहे म्हणून म्हशीचा जीव लहान होत नाही. जिचं दूध जास्त पितो तिचं ऋण जास्त.

पारणं, चातुर्मास प्रवेश, लग्न, वास्तू, या जेवणावळींत माव्याचं एक पक्वान्न कमी करा. आपल्या आज्या मुगाच्या डाळीचा, गव्हाच्या पिठाचा, गुळाचा किती प्रकारांनी गोड पदार्थ करत असत! मागणी बायकांच्या हातातल्या यादीतून सुरू होते, तिथेच ती कमी होईल.

आणि चौथी गोष्ट. सरकारी संस्थांना पत्र लिहा. तुमच्या प्रयोगात अंडी कुठून येतात, किती येतात, गर्भ ठेवलेल्या किती म्हशींची वीण बिघडली, किती गेल्या, हे दरवर्षी साध्या हिंदीत आणि मराठीत छापा. वासराचं नाव छापता तसं तिच्या आयांची संख्याही छापा. हा पैसा आपल्या करातून जातो, विचारायचा अधिकार आपला आहे. विज्ञानाला विरोध म्हणून नाही. ज्या शास्त्रज्ञांनी अंड्याला विजेने जागं करून दाखवलं, त्यांनीच आपल्याला सांगितलं की ते अंडं निर्जीव नव्हतं. त्यांच्या या सांगण्यावर विश्वास ठेवून मी हे विचारते आहे.

संवत्सरीला आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडं म्हणताना ओठ हलतात, पातेल्यातलं दूध मात्र तसंच उकळत राहतं. ज्या म्हशीची क्षमा मागायची तिचं दूध, तिचं रेडकू, तिचं अंडाशय कुठे कुठे गेलं हे ठाऊक करून घ्या, मग क्षमा मागा. यंदाच्या संवत्सरीला अजून वेळ आहे. तोवर दूधवाल्याला पहिला प्रश्न विचारून ठेवा.